रीत तीच, प्रश्न बदलला: ‘कॉन्जुगेट ग्रेडियंट’ची सत्तर वर्षं



आजचा विषय गणिताचा आहे आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे. त्यामुळे आधीच सांगून टाकतो की आज फळ्यावर सिद्धता मांडायची नाही. आपल्याला एका रीतीचा इतिहास बघायचा आहे. ही रीत १९५२ साली छापली गेली. तेव्हा तिचं मोठं कौतुक झालं. दहाएक वर्षांत तिच्याबद्दल निराशा पसरली. १९७० नंतर ती परत आली, आणि आज हवामानाच्या अंदाजापासून पुलांच्या आराखड्यापर्यंत मोठमोठ्या हिशोबांच्या पोटात ती काम करते. गंमत अशी की या सगळ्या काळात रीतीचा गाभा जवळजवळ तसाच राहिला. मग बदललं काय? हा प्रश्न गणिताइतकाच ज्ञानशास्त्राचा आहे, म्हणून आम्ही त्यात पडतो.

आणि हे भिवंडीत बोलायचं तर उदाहरणं लांबून आणायची गरज नाही. ताणा, बाणा आणि सायझिंग एवढ्या तीन गोष्टींवर आपलं निम्मं काम होणार आहे.

तळ शोधायचा म्हणजे काय

आधी प्रश्न समजून घेऊ. आपल्याजवळ पुष्कळ अज्ञात संख्या आहेत. त्या बदलल्या की एक खर्च बदलतो. खर्च म्हणजे रुपयेच असं नाही. चूक, ऊर्जा, ताण, काहीही. हा खर्च कमीत कमी कुठे होतो ते शोधायचं. अज्ञातांवर कुठलीही बाहेरची अट नसेल तर या कामाला बंधनमुक्त ऑप्टिमायझेशन म्हणतात. अज्ञात दोन असतील तर चित्र डोळ्यांपुढे येतं: एक खोलगट दरी आहे, आपण तिच्या उतारावर कुठेतरी उभे आहोत, डोळ्यांवर पट्टी आहे, आणि पायाला फक्त जिथे उभे आहोत तिथला उतार कळतो. तळ गाठायचा.

१८४७ साली फ्रेंच गणिती कोशी यांनी सर्वांत सरळ उत्तर दिलं. सगळ्यात तीव्र उताराच्या दिशेने निघा, त्या रेषेवर जितकं खाली जाता येईल तितकं जा, थांबा, पुन्हा उतार बघा, पुन्हा निघा. कोशींच्या डोळ्यांसमोर ग्रहांच्या कक्षांचे किचकट हिशोब होते. रीत निर्दोष वाटते, पण दरी लांबट असली की ती हेलकावे खाते. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर, तिथून परत पहिलीवर.

एक छोटा हिशोब करू. कागद-पेन्सिल असेल त्यांनी घ्यावी. क्षचा वर्ग अधिक यच्या वर्गाची चौपट, आणि त्या बेरजेचं निम्मं, एवढा खर्च आहे असं माना. तळ उघडच (०, ०) इथे आहे. आपण (४, १) पासून निघू. तिथे खर्च १०. उतार येतो (४, ४). कोशींच्या रीतीने पहिलं पाऊल टाकलं की आपण (२.४, −०.६) वर पोहोचतो, खर्च ३.६. दुसरं पाऊल टाकलं की (१.४४, ०.३६), खर्च १.२९६. दर पावलाला खर्च आधीच्या ३६ टक्के होतो. वाईट नाही, पण हे कधीच संपत नाही. खर्च मूळच्या दहालाखाव्या हिश्श्याच्या खाली आणायला चौदा पावलं लागतात, आणि ही तर अगदी सौम्य लांबट दरी आहे. खऱ्या प्रश्नांत हीच चौदा पावलं हजारांत जातात.

आता दुसरं पाऊल वेगळं टाकू. (२.४, −०.६) वरचा नवा उतार आहे (२.४, −२.४). त्याच्या उलट दिशेला जायचं, पण त्यात मागच्या दिशेचा थोडा वाटा मिसळायचा. किती वाटा? नव्या उताराच्या लांबीचा वर्ग भागिले जुन्या उताराच्या लांबीचा वर्ग: ११.५२ भागिले ३२, म्हणजे ०.३६. मागची दिशा होती (−४, −४). मिसळून नवी दिशा येते (−३.८४, ०.९६). या दिशेने ०.६२५ पट चाललं की आपण कुठे पोहोचतो? बरोबर (०, ०) वर. दोन अज्ञात, दोन पावलं, काम संपलं.

हीच ती रीत. बाकी सगळा इतिहास या एका मिसळण्याचा आहे.

रुमाल तिरका ओढला तर

हे असं का होतं? इथे आपल्या गावचं कापड कामाला येतं. एक साध्या विणीचा रुमाल घ्या. ताणा उभा, बाणा आडवा, दोन्ही एकमेकांना काटकोनात. त्यावर पेनने वर्तुळ काढा. या वर्तुळांना दरीच्या समान उंचीच्या रेषा समजा. गोल दरीत तळ गाठणं सोपं आहे: आधी ताण्याच्या दिशेने शक्य तितकं खाली या, मग बाण्याच्या दिशेने, की मध्यावर पोहोचलात. दुसऱ्या पावलाने पहिल्याचं काम बिघडत नाही.

आता रुमालाची समोरासमोरची दोन टोकं धरून तिरका ओढा. वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. ताणा-बाणा आता काटकोनात राहत नाहीत, ते कलतात. पण धागे तेच आहेत. कललेल्या धाग्यांच्या दिशेने चाललात तर अजूनही दोन पावलांत मध्य सापडतो. या कललेल्या जोडीला भूमितीत संयुग्मी दिशा म्हणतात, आणि ‘कॉन्जुगेट’ हा शब्द तिथूनच आला. लंबवर्तुळाच्या अशा जोडीच्या व्यासांचा अभ्यास ग्रीक भूमितिज्ञ अपोलोनियसने इसवी सनापूर्वी दोनशेच्या सुमाराला केला होता.

अडचण एवढीच, की डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला धागे दिसत नाहीत. कोशींची रीत ओढलेल्या रुमालावरही काटकोनातच वळत राहते, म्हणून हेलकावे खाते. ‘कॉन्जुगेट ग्रेडियंट’ची करामत अशी की पायाखालचा उतार आणि मागची दिशा या दोघांवरून ती लपलेला धागा शोधून काढते.

अज्ञात दोनऐवजी हजार असले तर हजार परस्पर-संयुग्मी दिशा लागतील. मग दर वेळी मागच्या सगळ्या दिशा लक्षात ठेवून नवी दिशा त्यांच्याशी जुळवावी लागेल असं वाटेल. तसं होत नाही. दरी वाडग्यासारखी नेटकी असेल, म्हणजे खर्चात वर्गापलीकडची पदं नसतील, तर नवा उतार मागच्या सगळ्या दिशांशी आपोआप जुळलेला असतो. फक्त शेवटच्या एकीशी जुळवून घ्यावं लागतं. नऊशे पावलं झाली तरी लक्षात ठेवायचं ते एकच मागचं पाऊल. हा या रीतीचा खरा चमत्कार आहे. पण तो चमत्कार आहे हे कळायला लोकांना वीस वर्षं लागली.

दोन शहरं, एक रीत

१९५१ चा ऑगस्ट. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेची सांख्यिक विश्लेषणाची एक शाखा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात होती. मॅग्नस हेस्टेनिस तिथे काम करत. झुरिकहून एदुआर्ड श्टीफेल तिथल्या परिषदेला आले. त्यांच्या हातात त्या संस्थेतल्या या रीतीवरचा अहवाल पडला, आणि ते हेस्टेनिस यांच्या खोलीत येऊन म्हणाले की हे तर मी जे सांगायला आलोय तेच आहे. दोघांनी एकमेकांना न विचारता एकच वाट काढली होती. त्याच संस्थेत कॉर्नेलियस लांचोश यांचंही अगदी जवळचं काम चालू होतं. भांडण झालं नाही. हेस्टेनिस आणि श्टीफेल यांचा एकत्र शोधनिबंध डिसेंबर १९५२ मध्ये आला.

श्टीफेल यांच्याकडे कुठलं यंत्र होतं ते बघा. जर्मन अभियंता कोनराड त्सुसे याचं ‘झेड-४’ हे रिलेवर चालणारं यंत्र झुरिकच्या संस्थेने १९५० मध्ये भाड्याने आणलं होतं. त्याच्या स्मृतीत फक्त ६४ संख्या मावत. आठ ओळी आणि आठ स्तंभांचं कोष्टक भरलं की स्मृती संपली.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी देशातला पहिला पूर्ण आकाराचा इलेक्ट्रॉनिक संगणक बांधला. तो १९६० मध्ये चालू झाला आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. आता हिशोब करा. ४५ अज्ञातांच्या ४५ समीकरणांचं कोष्टक म्हणजे २०२५ संख्या. मशीन भरलं, आज्ञावलीला जागासुद्धा उरली नाही. उलट, कोष्टक न साठवता फक्त चार याद्या ठेवायच्या (आपली जागा, उतार, दिशा आणि एक मधला गुणाकार) तर ४०० अज्ञातांना १६०० शब्द पुरतात. अट एवढीच की कोष्टकाचा दिशेशी गुणाकार, कोष्टक न मांडता, लागेल तेव्हा करून घेता आला पाहिजे. भौतिकातल्या बऱ्याच प्रश्नांत तो करता येतो, कारण प्रत्येक बिंदूचा संबंध फक्त शेजाऱ्यांशी असतो.

म्हणजे ज्यांच्याकडे यंत्र लहान, त्यांच्यासाठी ही रीत वरदान होती. पण १९५० च्या दशकात लोक तिच्याकडे या नजरेने बघत नव्हते.

चुकीच्या वचनावर झालेला न्याय

त्यांना भावलं होतं ते वेगळंच वचन: जितके अज्ञात तितकी पावलं, आणि उत्तर अचूक. शंभर अज्ञात, शंभर पावलं, संपलं. कागदावर हे खरंच आहे, आपण मघाशी दोन पावलांत ते पाहिलं. पण यंत्र प्रत्येक संख्येची शेपटी कापतं. पावलागणिक बारीक चूक साठते, दिशा एकमेकींशी जुळेनाशा होतात, आणि शंभराव्या पावलाला अचूक उत्तर येत नाही. कधी दीडशे लागतात, कधी तीनशे. १९५९ मध्ये श्टीफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच अशा प्रयोगांचा तपशील दिला. गणित्यांचा निष्कर्ष: जी रीत शंभर पावलांचं वचन देऊन तीनशे घेते ती बेभरवशाची. समीकरणं सोडवायला लोक गाउसच्या जुन्या, थेट रीतीकडे परतले.

न्याय झाला, पण कुठल्या कसोटीवर? ‘अचूक आणि ठरावीक पावलांत’ ही कसोटी रीतीच्या जन्माबरोबर तिच्यावर लादली गेली होती. १९७१ मध्ये इंग्लंडमधल्या हारवेलच्या जॉन रीड यांनी साधीच गोष्ट दाखवली. प्रश्न अवाढव्य असेल आणि त्याचं कोष्टक बहुतेक शून्यांनी भरलेलं असेल तर शेवटपर्यंत जायचंच कशाला? दहा हजार अज्ञात असले तरी शेदोनशे पावलांत पुरेसं चांगलं उत्तर हाती येऊ शकतं. अचूक उत्तराची रीत म्हणून ती नापास झाली होती, ‘हळूहळू जवळ जाणारी रीत’ म्हणून ती उत्तम ठरली. रीत तीच. तिला विचारलेला प्रश्न बदलला.

त्यानंतर १९७७ मध्ये नेदरलँड्सच्या मायरिंक आणि फान डेर फोर्स्ट यांनी आणखी एक पायरी जोडली. याला आम्ही आपल्यापुरतं ‘सायझिंग’ म्हणू. सूत बीमवर घेतलं की ते तसंच मागावर चढवत नाहीत. आधी कांजी देतात, म्हणजे धागा मागाचा मार सोसतो आणि तुटत नाही. सायझिंगने कापड तयार होत नाही, पण ते नीट झालं नाही तर माग दर मिनिटाला थांबतो. तसंच इथे: मूळ प्रश्नाला आधी एका स्वस्त, अंदाजी उत्तराचा हात द्यायचा, म्हणजे लांबट दरी जरा गोल होते आणि पावलं कमी लागतात. आज ही रीत वापरणाऱ्याचं बहुतेक डोकं या तयारीतच खर्च होतं.

दरी वेडीवाकडी असेल तर

इकडे दुसरी एक शाखा फुटली होती. वाडग्यासारख्या नेटक्या दरीऐवजी कुठलीही वेडीवाकडी दरी असेल तर? १९६४ मध्ये लीड्सच्या रॉजर फ्लेचर आणि कॉलिन रीव्हज यांनी तीच रीत तिथे लावली. बंधनमुक्त ऑप्टिमायझेशनमधल्या ‘कॉन्जुगेट ग्रेडियंट’ची सुरुवात इथून धरतात.

त्या काळात एक तगडा प्रतिस्पर्धी होता. विल्यम डेव्हिडन यांनी १९५९ मध्ये मांडलेली आणि १९६३ मध्ये फ्लेचर व पॉवेल यांनी सुधारलेली रीत दरीच्या वळणांचं एक पूर्ण कोष्टक मनात बाळगत चालते. ती पावलं कमी घेते, पण स्मृती खाते. दहा लाख अज्ञात असतील तर कोष्टकात दहा लाख गुणिले दहा लाख घरं, म्हणजे आजच्या संगणकावर सुमारे ८ टेराबाइट. फ्लेचर-रीव्हज यांना दर यादीला फक्त ८ मेगाबाइट. म्हणून ‘मोठ्या प्रमाणावर’ हा शब्द आला की ही रीत आठवते.

पण वेडीवाकड्या दरीत एक नवा प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या मते तो या इतिहासातला सगळ्यात मोलाचा आहे. नेटक्या दरीत मागची दिशा कधी खोटी ठरत नाही. वाकड्या दरीत आपण वळण घेतलं की मागच्या दिशेची आठवण आता दिशाभूल करू शकते. किती आठवायचं, आणि विसरायचं कधी?

न्यायदर्शनात ज्ञानाचे दोन विभाग करतात: अनुभव आणि स्मृती. स्मृती खरी असली तरी तिला प्रमाण ज्ञानाचा दर्जा देत नाहीत. ती मागच्या अनुभवाच्या संस्कारावर जगते. आपल्या रीतीत पायाखालचा उतार हा ताजा अनुभव, आणि मिसळलेला मागचा वाटा ही स्मृती. नुसत्या अनुभवावर चालणारी कोशींची रीत हेलकावे खाते. पूर्ण स्मृती बाळगणारी डेव्हिडनची रीत ओझ्याखाली वाकते. मधली वाट चालायची तर स्मृतीला अधूनमधून अनुभवासमोर उभं करावं लागतं.

फ्लेचर-रीव्हज यांनी यावर ढोबळ उपाय सुचवला होता: अज्ञातांच्या संख्येहून एक जास्त पावलं झाली की सगळं विसरा आणि निव्वळ उतारापासून नव्याने सुरू करा. १९६९ मध्ये पोलाक आणि रिबिएर यांनी, आणि त्याच वर्षी सोव्हिएत संघात पोल्याक यांनी, वाट्याचं सूत्र थोडं बदललं. त्यात पाऊल फारच लहान पडलं, म्हणजे आपण अडकलो, तर मागचा वाटा आपोआप शून्याकडे जातो. अडकलात की विसरा, हे सूत्रातच विणलं गेलं. प्रत्यक्षात ही आवृत्ती बहुधा जास्त चपळ निघाली.

मग काम फत्ते? नाही. १९८४ मध्ये मायकेल पॉवेल यांनी एक दरी बांधून दाखवली जिथे हे चपळ सूत्र फिरत राहतं आणि तळाजवळ कधीच पोहोचत नाही. उलट, दुसऱ्याच वर्षी अल-बाली यांनी सिद्ध केलं की जुनं फ्लेचर-रीव्हजचं सूत्र, पावलाची लांबी काळजीने निवडली तर, असं भटकत नाही. म्हणजे जे सूत्र व्यवहारात मंद ते सिद्धतेत भरवशाचं, आणि व्यवहारात चपळ ते सिद्धतेत घसरणारं. १९९२ मध्ये गिल्बर्ट आणि नोसेडाल यांनी एक साधा तोडगा दिला: चपळ सूत्रातला वाटा ऋण निघाला तर तो शून्य समजा. मागची आठवण उलट्या दिशेला ओढायला लागली की ती सोडून द्यायची. पुढे १९९९ मध्ये दाय आणि युआन यांनी, २००५ मध्ये हेगर आणि झांग यांनी आपापली सूत्रं दिली. आणि खरं सांगायचं तर १९८० पासून मागच्या मोजक्या पावलांची आठवण ठेवणारी नोसेडाल यांची रीतही आली, आणि बऱ्याच ठिकाणी लोक आज तीच पसंत करतात. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: थोड्या आठवणीत लांबचा पल्ला कसा मारायचा.

भिंती आणि त्यांच्या आतली वाट

आता आपल्या माणसाकडे येऊ. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले नरेंद्र करमरकर १९७८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकी शिकून बाहेर पडले. बर्कलीला रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट करून ते बेल प्रयोगशाळेत गेले. १९८४ मध्ये त्यांनी रेषीय नियोजनाची नवी रीत मांडली आणि तिची बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. रेषीय नियोजन म्हणजे भिवंडीच्या गोदामवाल्यांचाच प्रश्न समजा: किती माल, कुठल्या गोदामातून, कुठल्या ट्रकने, कुठे पाठवला तर खर्च सगळ्यात कमी. यात अटी असतात: गोदामात मावेल तेवढंच, ट्रकमध्ये बसेल तेवढंच. जुनी सिंप्लेक्स रीत या अटींनी बनलेल्या बहुफलकाच्या कडेकडेने, कोपऱ्याकोपऱ्याने चालते. करमरकर आतून गेले.

१९८६ मध्ये गिल, मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की करमरकरांच्या रीतीचं जुन्या ‘अडथळा’ पद्धतीशी जवळचं नातं आहे. त्यात अटींच्या भिंतीजवळ गेलं की खर्च अफाट वाढतो अशी व्यवस्था करायची. मग वेगळी अट सांभाळावी लागत नाही. भिंतच आपल्याला आत ढकलते आणि प्रश्न जवळजवळ बंधनमुक्त होतो. पण आतल्या प्रत्येक पावलाला समीकरणांची एक मोठी जुडी सोडवावी लागते. १९९१ मध्ये करमरकर आणि के. जी. रामकृष्णन यांनी मोठ्या प्रश्नांवरचे निकाल प्रसिद्ध केले, आणि ही जुडी सोडवायला त्यांनी वापरली ती सायझिंग केलेली, म्हणजे पूर्वतयारी केलेली ‘कॉन्जुगेट ग्रेडियंट’. चाळीस वर्षांपूर्वी झुरिकच्या ६४ संख्यांच्या यंत्रावर जन्मलेली रीत.

पाऊस आणि तळाचा अर्थ

शेवटचा मुद्दा आपल्या सगळ्यांच्या जिवाचा आहे. हवामानाचा अंदाज करायला आत्ता या क्षणी हवा नेमकी कशी आहे हे आधी ठरवावं लागतं. उपग्रह, फुगे, विमानं, जहाजं, वेधशाळा यांच्या नोंदी येतात, पण त्या तुटक असतात. शिवाय आधीच्या अंदाजाने सांगितलेलं एक चित्र असतं. दोघांपासूनचं अंतर मिळून कमीत कमी होईल अशी हवेची स्थिती शोधायची. यात अज्ञात कोट्यवधी. अट जवळजवळ नाही. म्हणजे हे आपलंच काम: मोठ्या प्रमाणावरचं बंधनमुक्त ऑप्टिमायझेशन. १९८७ मध्ये नॅव्हन आणि लेग्लर यांनी हवामानशास्त्रासाठी ‘कॉन्जुगेट ग्रेडियंट’च्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची तुलना करणारा निबंध लिहिला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये आलेल्या ‘प्रत्यूष’ महासंगणकावर भारतीय हवामान विभागाचं जागतिक प्रतिमान चालत असे. त्या घराण्याच्या प्रतिमानांत नोंदी मिसळण्याच्या टप्प्यात हीच रीत राबते.

इथे परत स्मृतीचा मुद्दा येतो, नव्या रूपात. महासंगणकांचा वेग मोजायला जी प्रसिद्ध कसोटी आहे तिच्यात यंत्रं भराभर गुणाकार करून मोठे आकडे मिरवतात. २०१३ च्या सुमाराला जॅक डोंगारा आणि मायकेल हेरू यांनी दुसरी कसोटी सुचवली: ‘कॉन्जुगेट ग्रेडियंट’ चालवून दाखवा. या कसोटीवर जगातली मोठमोठी यंत्रं आपल्या कमाल वेगाच्या जेमतेम काही टक्के देतात. गुणाकार स्वस्त झाला आहे. संख्या स्मृतीतून आणणं महाग आहे. धोटा कितीही वेगाने पळाला तरी सूत वेळेवर आलं नाही तर माग उभाच.

आणि आता तळाचा अर्थ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच शहरातल्या कुलाब्याला ७४च्या आसपास. भिवंडीकरांना तो दिवस वेगळा सांगायला नको. एवढ्या थोड्या अंतरात एवढा फरक पडतो तेव्हा दोन वेधशाळांच्या मधलं आकाश कुणी मोजलेलं नसतं. आपली रीत तळ इमानदारीने शोधते, पण तो तळ कुठल्या दरीचा? आपण काढलेल्या दरीचा. नोंदी विरळ असतील तर दरीच ढोबळ काढली गेली, आणि तिचा अचूक तळही ढोबळच. यात रीतीचा दोष नाही. पण ‘संगणकाने काढलं’ म्हटल्यावर आपण हा फरक विसरतो. हिशोब बरोबर असणं आणि म्हणणं खरं असणं या दोन गोष्टी आहेत. १९५० च्या दशकात लोकांनी एका चांगल्या रीतीला चुकीचा प्रश्न विचारून नापास केलं. आज उलटा धोका आहे: चुकीच्या प्रश्नाचं उत्तर चांगल्या रीतीने काढलं म्हणून ते खरं मानायचं.

म्हणून कामवारीच्या काठच्या सखल भागात राहणाऱ्या, तळमजल्यावर माग किंवा गोदाम असणाऱ्या माणसाने दोन प्रश्न विचारायला हवेत. महासंगणक किती मोठा आहे, हा त्यातला नव्हे. आपल्या तालुक्यात पाऊस मोजणारी यंत्रं किती आहेत, हा पहिला. आणि त्यांच्या नोंदी अंदाज करणाऱ्यांपर्यंत वेळेवर पोहोचतात का, हा दुसरा. दरी काढायचं काम तिथे होतं. तिचा तळ शोधायची रीत आपल्याकडे १९५२ पासून आहे.

इथे थांबू या. मघाच्या (४, १) वाल्या उदाहरणात कुणाचा आकडा वेगळा आला असेल तर आधी त्यांचे प्रश्न घेऊ.